टर्कीला स्थळ हवंय

अहो, कानावर आलं का तुमच्या? तिकडे अमेरिकेत नोव्हेंबर लागला की घरोघरी स्थळं बघायला सुरुवात होते. उपवर कोण, तर टर्की! मुहूर्त सरकारनंच काढून ठेवलाय. नोव्हेंबरचा चौथा गुरुवार, थँक्सगिव्हिंग. 1941 साली कायदा करून पक्का केलाय, त्यामुळे गुरुजींना विचारायची सोय नाही. वऱ्हाडी म्हणजे वर्षभर एकमेकांशी धड न बोललेले नातेवाईक, तेही ठरलेले. ओव्हन कधी लावायचा, कुणी काय आणायचं, सगळं ठरलेलं. अडतं ते एकाच ठिकाणी. हिच्या शेजारी बसवायचं कुणाला? म्हणजे, वाइन कुठली?

एरवी हीच माणसं बर्गरबरोबर कोक ढोसतात आणि कुणाची परवानगी मागत नाहीत. पण या एका जेवणासाठी वर्तमानपत्रांची खाद्यपानं रकानेच्या रकाने ओततात. न्यूयॉर्क टाइम्ससारख्या भारदस्त पेपरातले वाइनचे जाणकार एरिक असिमोव तर वर्षानुवर्षं सहकाऱ्यांना जमवून, टर्की भाजून, बाटल्या मांडून आधी एक जेवण घालत आलेत. लग्नाआधी लग्नाची रंगीत तालीम, म्हणा ना! आणि सल्ला काय देतात ही मंडळी? पिणाऱ्या माणशी एक बाटली धरा. माणशी एक! मी दोनदा विचारून घेतलं, ऐकण्यात चूक नव्हती.

आता स्पष्टच बोलते, कुणाला राग आला तर येवो. मुलगी अळणी आहे. छातीचं मांस पांढरं, त्यात चरबी नावाला. तंगडीचं काळपट आणि रसाळ, पण त्याला शिजायला वेळ जास्त. तिथलं शेतीखातं बजावतं की आतपर्यंत 74 अंश सेल्सिअस झाल्याशिवाय खाऊ नका. तंगडी मऊ होण्याची वाट बघत बसलात की तोवर छाती कोरडी ठणठणीत. या एका पक्ष्यापायी लोक इतके रडकुंडीला येतात की बटरबॉल नावाच्या टर्की विकणाऱ्या कंपनीनं 1981 पासून फोनवर धीर द्यायला माणसं बसवलीत. आणि थेट राष्ट्राध्यक्ष एका टर्कीला जाहीर माफी देतात, फोटोबिटो काढून. 1989 साली थोरल्या बुशसाहेबांनी ती प्रथा रीतसर केली. गुन्हा काय केला होता त्या बिचारीनं, हे अजून कुणी सांगितलेलं नाही.

तसं पाहिलं तर हिच्या रूपाचं खरं कौतुक आपल्याकडेच झालं. 1612 साली मुकर्रब खान गोव्याहून पोर्तुगिजांकडच्या चिजा घेऊन जहांगिराच्या दरबारात गेला, त्यात ही होती. बादशहा तिच्या मानेचे बदलते रंग बघून असा हरखला की त्यानं ते लिहून ठेवलं आणि उस्ताद मन्सूरकडून चित्र काढून घेतलं. ते आज लंडनच्या म्युझियममध्ये आहे. स्वतःच्या पिण्याचा हिशेब आत्मचरित्रात मोकळेपणानं देणारा हा माणूस. पण पक्षी समोर आल्यावर त्याला चित्रकार आठवला, साकी आठवला नाही. याला म्हणतात खानदानी रसिकता.

तर स्थळांकडे वळू. पहिलं स्थळ फ्रान्सचं, बोजोले नुव्हो. तुम्हाला खोटं वाटेल, पण या पोरानं मुहूर्तच असा साधलाय! फ्रान्सात ही नवी वाइन बाजारात यायचा दिवस 1985 पासून नोव्हेंबरचा तिसरा गुरुवार. रात्री बाराच्या ठोक्याला. आणि टर्कीचा दिवस चौथा गुरुवार. बरोबर सात दिवस आधी हा दारात हजर! योगायोग असेलही, पण आयातदारांनी त्याचं सोनं केलं. जॉर्ज दुबफ नावाच्या व्यापाऱ्यानं फुलाफुलांची लेबलं लावून, ‘नुव्हो आलं हो’ अशी दवंडी पिटून तो जगभर नेला. 1970 च्या दशकात इंग्रज मंडळी पहिली बाटली लंडनला कोण आणतो याच्या शर्यती लावायची. मोटारी काय, विमानं काय. आणि जपानात, सांगू का, हाकोने इथल्या एका स्नानगृहात लोक यात अंघोळ करतात. अंघोळ! चारचौघांत!

आणि वय काय मुलाचं? जेमतेम दोन-अडीच महिने. सप्टेंबरात द्राक्षं खुडायची, घडच्या घड न चिरडता बंद टाकीत भरायचे, टाकीत कार्बन डायऑक्साइड कोंडायचा. मग द्राक्षाच्या आतल्या आतच आंबणं सुरू होतं. त्यामुळे तुरटपणा कमी उतरतो, रंग उजळ येतो आणि त्यात विशिष्ट यीस्ट पडलं की चक्क केळ्याचा वास येतो. केळ्याचा! फ्रेंच वाइनला! 2002 साली लिऑनमधल्या एका मासिकानं एका जाणकाराचं मत छापलं. त्यात बोजोलेच्या वाइनला अशा पदार्थाची उपमा होती की जेवताना नाव काढू नये. उत्पादक चवताळून कोर्टात गेले. खालच्या कोर्टानं मासिकाला जबर दंड ठोठावला, पुढे वरच्या कोर्टानं तो फिरवला. त्याच सुमाराला न खपलेल्या बोजोलेच्या लाखो बाटल्या गाळून टाकायची पाळी आली होती. एवढा बोभाटा होऊनही नोव्हेंबरात हा आपला पुन्हा दारात, फुलाफुलांचा शर्ट घालून.

थांबा, खरी गंमत पुढेच आहे. या नुव्होचं द्राक्ष कुठलं? गामे. त्या गामेची कुंडली काढली तर घरंदाज माणसानं दार लावून घ्यावं. 1395 साली बर्गंडीचा ड्यूक फिलिप यानं फर्मान काढलं की हे दगाबाज, माणसाच्या जिवाला अपायकारक वाण उपटून टाका. का? तर पीक भरघोस देतं, म्हणून शेतकरी पीनो नुआर काढून हेच लावत सुटले होते. पीनो म्हणजे ड्यूकसाहेबांचा लाडका, कुलीन. गामेला मिळाली हद्दपारी. तो दक्षिणेला बोजोलेच्या डोंगरात जाऊन राहिला. झालं ते झालं, सहाशे वर्षं कुणी विचारलं नाही. आणि मग 1999 साली कॅलिफोर्नियातल्या डेव्हिसच्या विद्यापीठात आणि फ्रान्सात बसलेल्या शास्त्रज्ञांनी डीएनए तपासला. काय निघालं असेल? गामे हे पीनोचंच पोर! दुसरी बाजू ग्वे ब्लां नावाच्या एका वाणाची. हे इतकं हलकं समजलं जायचं की त्याच्या लागवडीवर वेळोवेळी बंदी आली. आणि पोरं एक नाही, दोन नाही, सोळा निघाली. त्यातलंच एक पोर म्हणजे शार्दोने, जिला लोक मोत्यासारखी जपतात. आता बघा, थँक्सगिव्हिंगच्या टेबलावर हमखास या तीन बाटल्या असतात: पीनो, गामे, शार्दोने. बाप, हाकललेला मुलगा आणि मिरवलेली मुलगी, एका ताटाभोवती. आणि जेवणारे म्हणतात आमच्याच घरात भानगडी!

दुसरं स्थळ स्थानिक, झिनफँडेल. याची बाजू घेणारे मोठे देशभक्त. सण अमेरिकेचा, पक्षी अमेरिकेचा, मग वाइन बाहेरची का? कॅलिफोर्नियातले सोन्याच्या मागे धावलेले लोक हीच प्यायचे, हिचे शंभर-शंभर वर्षांचे वेल अजून उभे आहेत, वगैरे. ऐकताना ऊर भरून येतो. आणि मग पुन्हा ते डेव्हिसचं विद्यापीठ, आणि तिथल्या शास्त्रज्ञ बाई, कॅरोल मेरेडिथ! यांना दुसरा उद्योग नाही का, असं फार वाटतं. क्रोएशियातल्या दोन शास्त्रज्ञांना हाताशी धरून त्यांनी 2001 साली दाखवून दिलं की झिनफँडेल म्हणजे दाल्मेशियाच्या किनाऱ्यावरचं त्सर्ल्येनाक काश्तेलान्स्की. तिथल्या एका मळ्यात त्याचे मोजके वेल कसेबसे तग धरून होते. इटलीत प्रिमिटिव्हो म्हणून नांदतंय तेही हेच. म्हणजे तीन देशांत तीन नावांनी तीन संसार, आणि कागदपत्रं कुठेच धड नाहीत.

बरं, याला एक गुलाबी भाऊ आहे. 1975 साली सटर होम या वाइनरीत एका टाकीतलं आंबणं मध्येच थांबलं. साखर तशीच शिल्लक राहिली, गोडसर गुलाबी वाइन तयार झाली. एखाद्यानं ओतून दिली असती. यांनी बाटलीत भरली, व्हाइट झिनफँडेल म्हणून विकली, आणि अमेरिका तिच्यावर तुटून पडली. जाणकार नाकं मुरडत राहिले. पण त्या गुलाबी पाण्यामुळेच जुन्या झिनफँडेलचे मळे उपटले जायचे वाचले, हे ते हळू आवाजात सांगतात. आपल्या नाशिकलाही सुलानं झिनफँडेल लावलंय. दाल्मेशियाचा मुलगा गंगापूर धरणाच्या वाऱ्यावर! नाशिककरांनी त्याला नाव-गाव काही विचारलं नाही, हा त्यांचा मोठेपणा.

पीनो नुआरबद्दल मी फार बोलणार नाही, त्याला आधीच चढवून ठेवलंय. 2004 साली ‘साइडवेज’ नावाचा सिनेमा आला. त्यातला नायक मर्लो या द्राक्षाच्या नावानं बोटं मोडतो आणि पीनोचे गोडवे गातो. झालं! मर्लोला कुणी दारात उभं करेना आणि पीनोला मागणी दणक्यात वाढली. हाच नायक शेवटी आपली जपून ठेवलेली बाटली बर्गरच्या दुकानात बसून वापरून फेकायच्या ग्लासातून पितो. ती कुठली? 1961 ची शेव्हाल ब्लां. तिच्यात निम्मं-शिम्मं मर्लोच असतं! प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या आणि मर्लोला वाळीत टाकून घरी गेले.

आता तुम्ही म्हणाल, यातलं टर्कीला शोभणारं कोण? इथेच सगळे फसतात. मुलीकडे बघून स्थळ ठरवतात आणि सासरची माणसं बघायची राहतात. टर्की काही बोलत नाही हो, ती बापडी कुणाशीही जमवून घेईल. भांडतात ते तिच्या ताटातले. एक क्रॅनबेरीचा सॉस, आंबट आणि गोड दोन्ही टोकांचा, डब्यातून काढला तर डब्याच्या वळ्यांसकट थरथरत उभा राहणारा. एक सेज नावाच्या उग्र पाल्याचं स्टफिंग. फरसबीचं एक कॅसरोल, जे 1955 साली कॅम्पबेल सूपवाल्यांच्या स्वयंपाकघरात सुचलं आणि सूपचा डबा फोडल्याशिवाय होत नाही. आणि हे ऐका, रताळी! आपण एकादशीला खातो ती. ती कुस्करून, साखर घालून, वर मार्शमेलोचा थर देऊन भाजतात. 1917 साली एका मार्शमेलोच्या कंपनीनं आपला माल खपवायला पाककृतींची पुस्तिका काढली, त्यात हा प्रकार आला. शंभर वर्षं झाली, अजून मुख्य जेवणाबरोबर वाढतात. गोडाचं म्हणून नाही, भाजी म्हणून!

आता अशा घरात कुणी कॅबरने सोव्हिन्यों आणून बसवला तर काय होईल? त्याच्यात टॅनिन भरपूर, म्हणजे तोंड कोरडं करणारा तुरटपणा. बोकडाच्या चरबीदार मांसापुढे तो निवळतो. इथे चरबी कुठाय? उलट रताळ्याचा गोड घास घेतला की तीच महागडी वाइन आंबट-कडू लागते. चाळीस डॉलर मोजलेला माणूस मग स्वयंपाकाला नावं ठेवतो. ओकच्या पिंपात मुरवलेल्या, लोण्यासारख्या शार्दोनेचं तसंच. क्रॅनबेरीनं एक फटकारा दिला की बाई बसल्याच.

मला विचाराल तर, कुणी विचारलेलं नाही तरी सांगते, रीसलिंग. ते सुद्धा किंचित गोडसर. जर्मनीतल्या मोझेल नदीच्या उतारावरचं, आठ-नऊ टक्के अल्कोहोलचं. आंबटपणा चांगला, म्हणून जड ग्रेव्हीनंतर जीभ साफ होते. थोडी साखर, म्हणून रताळ्यापुढे मान खाली जात नाही. टॅनिन जवळजवळ नाहीच. आणि दुपारी तीनला सुरू झालेलं जेवण रात्री आठपर्यंत चालतं, तेव्हा पंधरा टक्क्यांच्या झिनफँडेलनं काय प्रसंग ओढवतील याचा विचार करा. त्या घरात निवडणुकीवर वाद घालणारे काका असतातच. देशभक्तांनाही रुसायचं कारण नाही. न्यूयॉर्क राज्यातल्या फिंगर लेक्स भागात रीसलिंग उत्तम येतं. युक्रेनहून आलेल्या कोन्स्टान्टिन फ्रँक यांनी तिथल्या थंडीत युरोपातले वेल जगवून दाखवले, तेव्हा शेजारपाजारच्यांनी त्यांना वेड्यात काढलं होतं. पण रीसलिंगची मुख्य अडचण चवीची नाहीच. गोडसर वाइन आवडते हे कबूल करायची लोकांना लाज वाटते! रताळ्यावर मार्शमेलो चालतं, ग्लासात साखर दिसली की प्रतिष्ठा जाते. लाल वाइनच हवी असेल तर तो हाकललेला गामे आणा. नुव्हो नको, बोजोलेच्याच डोंगरातल्या मोर्गों किंवा फ्लरीसारख्या गावांचा, वर्षभर मुरलेला. तुरटपणा कमी, आंबटपणा पुरेसा आणि थोडा गार करून दिला तरी रुसत नाही.

काही जण परंपरेचा दाखला देतात. म्हणे 1621 साली प्लिमथला इंग्लंडहून आलेल्या वसाहतकऱ्यांचं पहिलं जेवण झालं, तेव्हापासूनचं चालत आलंय. काय चालत आलंय? त्यांच्यातल्या एडवर्ड विन्स्लोच्या पत्रात त्या तीन दिवसांचं वर्णन आहे. तिथला मूळचा राजा मासासॉइट नव्वद माणसं घेऊन आला, त्यांनी पाच हरणं मारून आणली, वसाहतकऱ्यांच्या माणसांनी पक्षी मारले. पक्षी कुठले ते लिहिलेलं नाही. त्याच पत्रात इथे पांढरी-लाल गोड द्राक्षं आहेत असं म्हटलंय, पण वाइनचा घोट घेतल्याचं अक्षर नाही. येतानाच्या मेफ्लॉवर जहाजावर बिअर संपत आली होती, हे मात्र त्यांनी नोंदवून ठेवलंय. बिचारे थंडीतून जगले-वाचले याचंच अप्रूप. पीनो की गामे, यावर कुणी रुसल्याची नोंद नाही.

आणि आपली माणसं? ती मागे राहतात होय! न्यू जर्सीत एडिसनला माझी भाची असते. तिच्या ओळखीत निम्म्या मराठी घरांत टर्की होते. नातेवाईक सगळे इकडे, म्हणून मित्रांची चार कुटुंबं जमतात, एकीकडे छोले, एकीकडे श्रीखंड, मध्ये टर्की. टर्की दही, आलं-लसूण आणि तंदुरी मसाल्यात दोन रात्री बुडवलेली. मुलगी अळणी राहिली नाही, पण वाइनची पंचाईत आणखी वाढली, कारण तिखटावर अल्कोहोल म्हणजे आगीवर तेल. भाचीच्या नवऱ्यानं एका वर्षी तगडं झिनफँडेल आणलं आणि पाहुणे मंडळी फ्रीजमधलं ताक शोधत फिरली.

पण 2025 साली जे झालं त्यापुढे हे काहीच नाही. थँक्सगिव्हिंग आलं 27 नोव्हेंबरला. आणि त्या दिवशी काय होतं? मार्गशीर्षातला पहिला गुरुवार! 2022 सालीही असंच झालं होतं, मार्गशीर्ष लागला तोच थँक्सगिव्हिंगच्या दिवशी. पण तेव्हा भाचीच्या सासूबाई साताऱ्याला होत्या. या खेपेला एडिसनला! ओट्यावर महालक्ष्मीचा घट, पाच फळं, पोथी. खाली फ्रीजमध्ये मसाल्यात पहुडलेली सात किलोची टर्की. सासूबाईंनी फ्रीज उघडला आणि मिटला. एक शब्द बोलल्या नाहीत, आणि त्यानंच सगळ्यांचं धाबं दणाणलं. शेवटी तह झाला. टर्की गराजमधल्या दुसऱ्या फ्रीजमध्ये गेली, तिचं लग्न शुक्रवारवर गेलं, गुरुवारी पाहुण्यांना पुरणपोळी. अमेरिकेचा कायदा मोडला म्हणून पोलीस आले नाहीत.

गुरुवारी रात्री आरती झाली, सासूबाईंनी उपास सोडला. ओट्याच्या कोपऱ्यात भाचीच्या नवऱ्यानं आणून ठेवलेल्या दोन बाटल्या उभ्या होत्या, एक रीसलिंग, एक तो फुलाफुलांचा नुव्हो. सासूबाईंनी चष्मा लावून लेबलं वाचली. 2022 च्या जानेवारीत आपल्याकडे सुपरमार्केटात वाइन विकायला परवानगी देण्याचा निर्णय झाला होता, तेव्हा वाइन म्हणजे दारू की नाही यावर टीव्हीवर महिनाभर जुंपली होती. ती त्यांनी सगळी ऐकलेली. त्यामुळे प्रश्न काही विचारला नाही.

शुक्रवारी टर्की भाजली गेली. छातीचं मांस नेहमीप्रमाणे कोरडं, म्हणून भाचीनं शिताफीनं त्याचा काळ्या मसाल्यातला रस्साच करून टाकला. रश्श्याबरोबर रीसलिंग की नुव्हो यावर चार नवरे वाद घालत बसले. एकानं तर फोनमध्ये बघायला सुरुवात केली. तेवढ्यात सासूबाईंनी आपला स्टीलचा पेला पुढे सरकवला आणि म्हणाल्या, ‘‘त्या केळ्याच्या वासाचीच दे रे दोन घोट. बर्फ घालून.’’ भाची घाबरून म्हणाली, ‘‘आई, अहो, मार्गशीर्ष!’’

‘‘गुरुवार काल होता,’’ सासूबाई म्हणाल्या, आणि रस्सा वाढायला सांगितला. शाकाहारी. बटाट्याचा.